सासूबाईंची काळी मशीन की नवी झिगझॅग?

परभणीत माझ्याकडे ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका हल्ली विचारतात, मशीनवर फ्री हँड भरतकाम शिकायचंय, नवी मशीन घेऊ का? घरात हातमशीन असेल तर ती बाजूलाच ठेवा. तिचा दांडा एक हात अडकवतो आणि इथे कापड ताणून धरणाऱ्या रिंगवर दोन्ही हात लागतात. कॉम्प्युटरवाल्या मशीनमध्ये डिझाइन फाईलमधून येतं, तिथे शिकायचं काम वेगळं. उरली जुनी काळी पायमशीन आणि विजेवरची झिगझॅग, म्हणजे जिची सुई डावी-उजवीही हलते.

फ्री हँडमध्ये कापड सुईखालचे दाते नाही, आपण सरकवतो. म्हणून आधी दाते खाली घ्यायचे. नव्या मशीनला त्यासाठी खटका असतो, पण सगळ्याच मॉडेलला नाही. दुकानात दाखवूनच घ्या. जुन्या काळ्या मशीनचे दाते बहुधा स्क्रू काढूनच निघतात, आणि उद्या परकर शिवायचा म्हटलं की पुन्हा बसवा.

पायमशीनचा वेग तुमच्या पायात असतो, नवख्या हाताला तेच बरं. लाईट गेली तरी काम थांबत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. पण टाका एकच, सरळ. पान भरायचं तर रिंग डावी-उजवी हलवत राहा.

झिगझॅगला रुंदीचं बटण फिरवत गेलं की पान मधे फुगतं, टोकाला निमुळतं होतं. काम सुबक येतं. मात्र पायाखालचं पेडल जरा जास्त दाबलं गेलं की सुई पळते. हात मागे राहिला तर गाठी, हाताने ओढलं तर सुई वाकून खालच्या लोखंडी पट्टीवर आपटते.

दोन्हीकडे दोन गोष्टी सारख्याच. रिंग उलटी लावायची, म्हणजे कापड खालून पट्टीला टेकतं, त्याखाली बकरम, म्हणजे कडक अस्तर. आणि कापड दाबणारा फूट काढला असला तरी त्याचा दांडा खाली पाडायचा, नाहीतर वरच्या दोऱ्याला ताणच बसत नाही. पोळ्याच्या झुलीवर मोर काढताना मी तो विसरले होते. वरून मान ठीक दिसत होती, उलटून बघितलं तर खाली दोऱ्याचं घरटं! अर्धा तास ब्लेडने कापत बसले.

माझं मत विचाराल तर काळीवरच सुरू करा, जुन्या धोतरावर आधी घरातल्यांची नावं काढा. झिगझॅग मशीन घ्या ती बाह्यांच्या ऑर्डरी येऊ लागल्यावर. माझ्याकडे आता दोन्ही आहेत. काळीचे दाते मी परत बसवलेच नाहीत.