रक्ताचा थेंबही न घेता दिलेला रक्ताचा रिपोर्ट

यजमानांनी स्वतः वाचून "टाक, लोकांना कळू दे" म्हटल्यावरच हे लिहितेय. पुरुषाच्या अडचणीबद्दल बाईने लिहिलेलं काहींना रुचणार नाही. पण या प्रकरणात त्यांचा जीव जाता जाता वाचला, त्यामुळे गप्प बसणं मला जमणार नाही.

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. यजमानांनी पन्नाशी ओलांडलीय, शुगर बऱ्याच वर्षांपासूनची. मधल्या काळात शरीरसंबंधात अडचण येऊ लागली. ते आतल्या आत कुढायचे, चिडचिड करायचे. आमच्याकडे हे बोलायचं कुणाशी? नेहमीच्या डॉक्टरांकडे अर्धं गाव बसलेलं असतं.

अशात मोबाईलवर जाहिरात आली, सांगलीत 'रक्त व नस तपासणी शिबिर', तपासणी मोफत. एका लॉजच्या हॉलमध्ये पांढरा कोट घातलेला माणूस आणि लॅपटॉप. यजमानांच्या हातात धातूची दांडी दिली, ती वायरने लॅपटॉपला जोडलेली. मिनिटभरात कागदांचा गठ्ठा छापून आला. रक्त घट्ट झालंय, नसा ऐंशी टक्के बंद, टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन संपत आलंय, असं त्याने लाल खुणा करून दाखवलं. सुई कुठेच टोचली नव्हती. दांडी धरून कोलेस्टेरॉलही कळत नाही आणि टेस्टोस्टेरॉनही नाही, त्यासाठी रक्त घ्यावंच लागतं. टेस्टोस्टेरॉनचं तर सकाळीच घेतात, कारण दिवस चढला की ते कमी होत जातं. कमी आलं तर दुसऱ्या दिवशी परत तपासून मगच डॉक्टर काही बोलतात. हे सगळं आम्हाला नंतर मिरजेला समजलं.

'नस खोलणारं' चूर्ण म्हणून अडतीस हजार घेतले. पावती नाही, डब्यावर कंपनीचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही. वर सांगितलं की शुगरची इंग्रजी गोळी बंद करा, तिनेच नसा सुकतात. मला सगळ्यात जास्त चीड या एका वाक्याची येते.

चूर्णाचा गुण आला, हे खरं आहे. तासाभरात यायचा, आणि त्यामुळेच विश्वास बसला. पण सोबत डोकं ठणकायचं, चेहरा लाल व्हायचा, नाक चोंदायचं. फोन केला की तो म्हणायचा, "विष बाहेर पडतंय, मध्ये थांबवू नका, पुढचा कोर्स घ्या." पैसे नाहीत म्हटल्यावर भाषा बदलली. "पार्सल गावातल्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो, सगळ्यांना कळू दे कसलं औषध ते."

ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत एका दुपारी बागेत यजमानांच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. तसंच गाडीत घालून मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवण्याआधी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताकदीचं काही घेतात का? आज-काल घेतलंय का?" मी डबाच पुढे केला, घाईतही तो पिशवीत टाकला होता. त्यांनी ती गोळी दिली नाही, दुसरे उपचार सुरू केले. असल्या बेनामी चुर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडतं, आणि लक्षणं ऐकून त्यांना तोच संशय आला. सिल्डेनाफिल आणि हृदयाची नायट्रेटची गोळी, म्हणजे तीच जिभेखाली ठेवायची, एकत्र शरीरात गेली तर रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस दगावू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान चोवीस तास नायट्रेट देत नाहीत.

यजमानांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, १०.२ निघाली. साडेसहा किंवा त्याहून वर गेली की मधुमेह धरतात. गोळी बंद केल्याचा हा परिणाम. वाईट कोलेस्टेरॉलही वाढलेलं होतं. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी अरुंद दिसली, स्टेंट बसवला. टेस्टोस्टेरॉन मात्र ठीक होतं.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट सांगितलं. पुरुषाच्या इंद्रियात ताठरता येते ती रक्त भरून. त्यासाठी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आणि तिथले मज्जातंतू नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू सोडतात, त्याने वाहिन्या सैलावतात. १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच वायूच्या संशोधनाला मिळालंय. वाढलेली साखर, चरबी, रक्तदाब, तंबाखू हे सगळे त्या अस्तराची नासाडी करतात. साखर मज्जातंतूही निकामी करते. इंद्रियाच्या वाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. यजमानांना ते लगेच पटलं. ठिबकमध्ये क्षार साचले की आधी ड्रिपर बंद पडतात, मेन लाईनचं नंतर कळतं. म्हणून ही अडचण कित्येकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसते. त्यांच्याही शरीराने आधीच सांगितलं होतं, आणि नेमक्या त्या वेळात या माणसाने आमची शुगरची गोळी सोडवली.

तुमच्या घरात कुणाला असा त्रास सुरू झाला असेल तर आधी साखर, लिपिड प्रोफाईल (रक्तातली चरबी) आणि रक्तदाब तपासून घ्या. बायकांनो, नवरा लाजत असेल तर तुम्ही सोबत जा. डॉक्टर हे रोज ऐकतात. त्यांच्याकडेही सिल्डेनाफिल मिळतं, पण हृदय आणि चालू गोळ्या बघून, मोजून. आयुर्वेदिक घ्यायचं असेल तर नोंदणीकृत वैद्याकडून घ्या. लैंगिक ताकदीच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे जाहिरात दिसली तिथेच ओळखा. कुणी बदनामीची धमकी देत असेल तर मेसेज पुसू नका, पैसे ऑनलाईन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर लगेच फोन करा.

आम्ही उरलेला डबा आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट अन्न व औषध प्रशासनाकडे दिलेत, पोलिसांतही अर्ज केलाय. त्याचा नंबर बंद लागतो, पण तशीच जाहिरात आता कराडच्या नावाने फिरतेय. तिकडचे कुणी वाचत असाल तर डबा फेकू नका, आणि छातीत दुखलं तर डॉक्टरांना आधी तोच दाखवा.