दुसऱ्या एजंटसोबतचे आठ महिने

घर शोधण्याचे चार महिने आणि राहायला आल्यानंतरचे चार, असा आठ महिने या एजंटशी संबंध आहे. चावी हातात येते त्या दिवशी कुठलाही एजंट चांगलाच वाटतो, म्हणून लिहायला मुद्दाम थांबले होते.

त्याच्याआधी एक होता. बोलायला गोड, मेसेजला लगेच उत्तर. तीन आठवड्यांत अकरा घरं दाखवली आणि अकराही त्याच्या मते ‘अशी संधी पुन्हा नाही’ अशीच होती. बाराव्या घरी म्हणाला, टोकन आजच द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. कागदपत्रं मागितली तर ‘टोकननंतर दाखवतो’. आम्ही दिलं नाही. पंधरा दिवसांनी त्याच घराची जाहिरात पुन्हा दिसली. मग कळलं, तो मालकाकडूनही दलाली घेणार होता. तसं घेणं सगळीकडेच बेकायदा नसतं, पण ते आधी सांगायला हवं. मालकाला भाव चढा हवा, मला उतरलेला. एकच माणूस दोघांच्या वतीने घासाघीस कशी करणार?

त्यामुळे दुसऱ्याला पहिल्याच भेटीत विचारलं: दलाली किती, कधी द्यायची, आणि समोरच्याकडूनही घेणार का? त्याने तिन्ही उत्तरं कागदावर लिहून सही केली. परवाना दाखवला. जुन्या ग्राहकांचे नंबर मागितले, तेही दिले. त्यांतल्या एका बाई म्हणाल्या, “आम्हाला आवडलेलं एक घर त्यानेच घेऊ दिलं नाही.” माझा निर्णय तिथेच झाला.

आमच्यावरही तीच वेळ आली. तिसऱ्या महिन्यात एक घर मनापासून आवडलं. भाव ठरला, मी तर पडद्यांचे रंगही ठरवले होते. कागद बघताना तो थबकला. घरावर बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज फेडलंय, असं मालक सांगत होते. फेडलं असेलही, पण बोजा उतरल्याचा कागद नव्हता. “तो हातात येईपर्यंत एक पैसा देऊ नका,” तो म्हणाला. मालक चिडले आणि व्यवहार मोडला. त्याची दलालीही गेली.

याचं मोल मला नंतर जास्त कळलं. २००८ साली स्टीव्हन लेव्हिट आणि चाड सिव्हरसन या अर्थतज्ज्ञांचा शिकागो परिसरातल्या सुमारे १ लाख घरविक्रींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकताना ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि भावही सुमारे ३.७ टक्के जास्त मिळवतात, असं त्यात आढळलं. ग्राहकाच्या घरासाठी आणखी थांबून एजंटच्या पदरात फार थोडं पडतं, म्हणून तो लवकर उरकतो. घेणाऱ्याच्या बाजूने तर गणित आणखी उलटं. दलाली टक्क्यांत असेल, तर भाव पाडून देणारा एजंट स्वतःचीच कमाई घटवतो. असं असताना थांबा म्हणणारा माणूस मिळणं मला फार मोठी गोष्ट वाटते.

शेवटी जे घर घेतलं ते त्याने टेपने मोजलं. जाहिरातीतल्या क्षेत्रफळात भिंतींची जाडी आणि बाल्कनी धरलेली निघाली, तेवढा भाव उतरला. वकील मात्र आम्ही आमचाच नेमला. त्याने सुचवलेला घेतला नाही, याचं त्याला वाईट वाटलं नाही.

उणिवा आहेत. फोन क्वचितच पहिल्या वेळी उचलतो. आणि बाथरूमच्या भिंतीतली ओल त्याच्या नजरेतून सुटली. दुसऱ्या महिन्यात पोपडे निघाले. “हे मी बघायला हवं होतं,” असं म्हणून तो स्वतः मालकाशी बोलला आणि दुरुस्तीचा निम्मा खर्च मिळवून दिला. निम्मा आम्हालाच पडला, हे खरं.

गेल्या महिन्यात त्याने माझ्या बहिणीला एक घर दाखवलं. तिला ते लगेच पसंत पडलं. जिना उतरताना तो तिला म्हणाला, “ताई, आधी खालच्या घराची बेल वाजवून त्यांच्या बाथरूमचं छत बघून येऊ.”