टीअर मीटर (चॉपस्टिकवाला) – रत्नागिरीच्या हवेत वापरून बघितल्यावर

टीअर मीटर म्हणजे पेशींचा थर किती घट्ट आहे ते त्याच्या विद्युत रोधावरून (ओहममध्ये) सांगणारं यंत्र, इलेक्ट्रोडची दोन टोकं चॉपस्टिकसारखी. आमच्या लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक पोरगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, सर एवढे लाखभर रुपये कशाला, ओहमच मोजायचेत ना, मग बाजारातला पाचशेचा मल्टिमीटर लावू की! तर बाबांनो नाही चालत, मल्टिमीटर डीसी करंट सोडतो, त्याने इलेक्ट्रोडवर चार्ज साचतो, आकडा नुसता पळत राहतो आणि पेशींनाही त्रास होतो तो वेगळाच. हा मीटर एसी म्हणजे उलटसुलट होणारा करंट वापरतो, 12.5 हर्ट्झचा, तोही फक्त 10 मायक्रोअँपच्या आसपास, म्हणून आज मोजलेली प्लेट परत इन्क्युबेटरमध्ये ठेवून उद्या परत मोजता येते. खरी किंमत त्याचीच आहे. कॅको-2 च्या पेशी (माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरमधून आलेल्या) इन्सर्टवर, म्हणजे प्लेटच्या खळग्यात (वेलमध्ये) बसणाऱ्या, तळाला सच्छिद्र मेंब्रेन असलेल्या वाटीत, नीट तयार व्हायला 21 दिवस घेतात, तेवढे दिवस त्यांना न मारता थर घट्ट होतोय का हे बघायला दुसरं एवढं सोपं काही नाही.

मीटर बॅटरीवर चालतो, त्यामुळे लाईट गेली तरी रीडिंग अडत नाही, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईटचं काय ते सांगायला नको. पण लाईट गेली की खोली गार करणारा एसी पण बंद होतो, तिथे गंमत आहे. मीडियम (पेशींचं पोषक द्रावण) गार झालं की रेझिस्टन्स वाढतो, तापलं की उतरतो, डिग्रीमागे साधारण 2 टक्के धरा. म्हणजे एसीच्या गारव्यात प्लेट जास्त वेळ बाहेर राहिली की आकडा छान वर दिसतो आणि सगळे खूश, पेशींनी काहीच केलेलं नसतं. 37 डिग्रीच्या इन्क्युबेटरमधून काढल्यावर रोज तेवढाच वेळ थांबून मोजा, नाहीतर तुलना करूच नका.

आता तक्रार. मीटर उत्तम, इलेक्ट्रोड नाजूक. टोकावर सिल्व्हर क्लोराइडचा थर असतो तो झिजला की रीडिंग भरकटतं, आणि वायरीची पिन जुन्या लँडलाईन फोनसारखी, खाऱ्या दमट हवेत तिचे काँटॅक्ट लवकर काळे पडतात. सोबतचा टेस्ट रेझिस्टर लावला तर बरोबर 1000 दाखवतो म्हणजे मीटर ठणठणीत, पण त्यावरून इलेक्ट्रोड चांगला आहे असं समजू नका, तो ब्लँक (पेशी नसलेल्या) इन्सर्टवरच कळतो. आम्ही आता पिन सिलिका जेलच्या डब्यात ठेवतो. टोकं 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून मग मीडियममध्ये धुवायची, कापडाने घासायची नाहीत (घासणारे महाभाग आहेत).

लांब टोक बाहेरच्या वेलच्या तळाला, आखूड टोक इन्सर्टमध्ये पण मेंब्रेनला न लागता, उभं धरायचं. हात वाकडा झाला की आकडा बदलतो, म्हणून एका प्लेटला एकच माणूस. 24 वेलला ठीक आहे, 6 वेलच्या मोठ्या इन्सर्टला मात्र करंट सगळीकडे सारखा पसरत नाही आणि आकडा फुगतो, तिथे कप टाईपचा चेंबर बरा.

हिशोब सोपा आहे तरी चुकतात. समजा रीडिंग 620, ब्लँक 120, उरले 500, त्याला 0.33 ने (24 वेलच्या इन्सर्टचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये) गुणायचं, 165 ओहम-चौरस सेंटिमीटर. गुणायचं, भागायचं नाही!

आणि आकडा पडला म्हणजे सगळा थर गेला असं नाही हां, गडग्याला एकच खिंडार पडलं तरी गुरं तिथूनच शिरतात, तसा कडेला बारीकसं भोक असलं तरी करंट तिथूनच जातो. उलट आकडा चांगला आला तरी ल्युसिफर यलो (चमकणारा रंग) टाकून गळती बघाच, मीटरला फक्त आयन कळतात, तुमचं औषध आरपार जातंय की नाही ते त्याला कळत नाही. दुसऱ्या लॅबचा आकडा आणून आपल्याला लावू नका, कॅको-2 चेच आकडे लॅबगणिक कितीतरी वेगळे येतात.

माझे चार स्टार, एक त्या पिनेसाठी कापला. स्पेअर इलेक्ट्रोड मागवायचा असेल तर मे मध्येच मागवा, जूनमध्ये घाटात दरड आली की कुरियर कुठे अडकेल सांगता येत नाही.