पॅरिसचा ‘पूफ’ : पाया भक्कम, कळस अवजड

1770 च्या दशकात पॅरिसमधील उच्चभ्रू स्त्रियांनी डोक्यावर मिरवलेल्या ‘पूफ’ या केशरचनेमागे मुख्यतः दोघांचे कसब होते. केसांची उभारणी राणी मारी आंत्वानेतचा केशभूषाकार लेओनार ओतिए करत असे, तर फिती, जाळी, पिसे आणि देखावे रोझ बेर्तँ हिच्या दुकानातून येत. त्या दुकानाच्या पाटीवर ‘ग्रां मोगोल’, म्हणजे ‘महान मोगल’, असे नाव होते. खरा मोगल बादशहा शाह आलम मात्र 1772 मध्ये मराठ्यांच्या बळावर कसाबसा दिल्लीत परतला होता.

या केशरचनेतील सर्वांत उत्तम भाग म्हणजे पोमेड आणि पावडर, आणि नेमकी त्यांचीच आज सर्वाधिक नालस्ती होते. डुकराची व मेंढीची चरबी अनेकदा पाण्यात धुऊन, वितळवून, लवंग किंवा संत्र्याच्या फुलांचा सुगंध देऊन पोमेड तयार होई. ते केसांना चोळल्यावर वरून वस्त्रगाळ स्टार्चची पावडर उडवली जाई, आणि ती नाकातोंडात जाऊ नये म्हणून गिऱ्हाईक अंगभर पांघरूण घेऊन तोंडासमोर कागदी शंकू धरून बसे. पावडर तेलकटपणा शोषून घेई, विंचरताना मळही निघे, आणि बुळबुळीत केसांना गाठ-पिना धरून ठेवण्याइतका खरखरीतपणा येई. क्वचितच न्हाणाऱ्या समाजात केस राखण्याचा हा मार्ग अडाणीपणाचा मुळीच नव्हता.

त्यावरची रचना मात्र वेगळ्याच हिशेबाने चाले. डोक्यावर लोकर किंवा घोड्याचे केस भरलेली उशी बसवून तिच्यावरून स्वतःचे केस ओढून घेत, कमी पडतील तिथे गंगावन जोडत आणि बाजूंना गुंडाळलेल्या बटा पिनांनी अडकवत. शिवाय यात ताजी बातमी गुंफून मिळे. 1774 मध्ये पंधराव्या लुईचा देवीने मृत्यू झाल्यावर नव्या राजाने देवी टोचून घेतली, तर लगेच ऑलिव्हच्या झाडाला विळखा घातलेला सर्प आणि उगवता सूर्य असलेला पूफ निघाला. शार्त्रच्या डचेसने तर आपल्या पूफमध्ये दाईच्या मांडीवरचे तान्हे बाळ, चेरी टोचणारा पोपट आणि नवऱ्याचे, वडिलांचे व सासऱ्यांचे केस बसवून घेतले होते. हौसेला मोल नसते हे मान्य केले तरी सासऱ्यांचे केस डोक्यावर वागवणे ही जरा अतीच हौस म्हणावी लागेल.

उंचीच्या बाबतीत ही केशरचना सपशेल नापास होते. घोडागाडीत टपाला डोके लागू नये म्हणून बायकांना खाली गुडघ्यांवर बसावे लागे, आणि रचना आठवडेच्या आठवडे तशीच ठेवल्याने खाजवण्यासाठी हस्तिदंती काडी जवळ बाळगावी लागे. राणीची आई मारिया तेरेझा हिने मार्च 1775 मध्ये मुलीला पत्रातून खडसावले, कारण राणीचे केस 36 इंच उंच असतात असे तिच्या वाचनात आले होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये महागड्या पिठावरून दंगली उसळल्या असताना गव्हाचा स्टार्च डोक्यावर उधळणे निव्वळ बेपर्वाईचे होते.

निवड करायचीच असेल, तर 1780 च्या दशकातील बुटकी, कुरळी आणि सैल रचना घ्यावी. 1781 मधील बाळंतपणानंतर राणीचेच केस गळू लागले, लेओनारने ते आखूड कापले आणि दरबारातील इतर स्त्रियांनीही तेच वळण उचलले. त्यातही पोमेड आणि पावडर होतीच. फक्त मान मोकळी राहत असे.