बिअरची शेवटची ग्रॅव्हिटी कशावर मोजायची: ब्रिक्स मीटर की हायड्रोमीटर?

आमच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याची गोडी ब्रिक्स मीटरवर पाहतात. फोड पिळायची, दोन थेंब काचेवर, झाकण लावायचं आणि यंत्र उजेडाकडे धरायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथं पडते तो आकडा, म्हणजे ब्रिक्स. भाचा नोकरीसाठी हॅम्बुर्गला निघाला तेव्हा घरातलं हेच यंत्र बॅगेत टाकून घेऊन गेला. तिकडे स्वतःपुरती बिअर घरी करता येते. आपल्याकडे परवान्याशिवाय ते करणं 1949 च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून हे बाहेरदेशी असलेल्या आपल्या पोरांसाठी लिहितो आहे.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला, "मामा, बिअर चोवीसवरच अटकली ना! आता काय करू?" सुरुवात 12.4 ब्रिक्स, म्हणजे 1.050 ग्रॅव्हिटीला (पाण्याच्या 1.050 पट घनता) झाली होती; आंबताना साखर संपते तसा हा आकडा खाली यायला हवा. आता काचेत 6 दिसत होते, तक्त्यात त्याचे 1.024 होतात. घाबरून त्यानं यीस्टचं आणखी एक पाकीट ओतलंही होतं.

बिअर अटकलीच नव्हती. ब्रिक्स मीटर साखर मोजत नाही, प्रकाश किती वळतो ते मोजतं. साध्या रसात तो साखरेमुळं वळतो, म्हणून संत्र्याला आकडा बरोबर येतो. आंबल्यावर मात्र अल्कोहोल तयार होतं आणि तेही प्रकाश वळवतं. त्यामुळं साखर संपत आली तरी आकडा वरच राहतो. सुरुवातीचा आकडा धरून अल्कोहोलची दुरुस्ती केली, तर त्या 6 ब्रिक्सचे जवळपास 1.011 निघतात. ही दुरुस्ती करणारी गणकयंत्रं इंटरनेटवर फुकट आहेत. पण उत्तर अंदाजाचं असतं आणि सुरुवातीचा आकडा लिहून ठेवला नसेल तर तेही मिळत नाही.

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगणारी काचेची मोजनळी, तिची गोष्ट वेगळी. मी काही वर्षं गावच्या दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर बुडवले आहेत. तोही हायड्रोमीटरच. द्रव जितका जड, तितकी नळी वर तरंगते. अल्कोहोल असो वा नसो, तो घनताच सांगतो आणि शेवटची ग्रॅव्हिटी म्हणजे तीच घनता. भाच्यानं मित्राकडून आणून बुडवला, 1.011 निघाले.

त्यालाही पथ्यं आहेत. बिअरमधले गॅसचे बुडबुडे नळीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा खोटाच जास्त येतो. नमुना एका पेल्यातून दुसऱ्यात चार-पाचदा ओतून गॅस घालवा, नळी बोटांत धरून गरकन फिरवा आणि ती स्थिर झाली की डोळा पातळीला आणून वाचा. नळीवर किती तापमानाला जुळवलं आहे ते छापलेलं असतं, ते आधी पाहा. 20 अंशांचा हायड्रोमीटर 35 अंशांच्या नमुन्यात साधारण 0.004 कमी दाखवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात हा फरक रोजचाच. हॅम्बुर्गला एवढा पडत नाही, पण गरम काढ्यात (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस) बुडवाल तर तिथंही फसाल.

ब्रिक्स मीटरची खरी सोय नमुन्याची. दोन थेंबांत काम होतं, हायड्रोमीटरला नळकांडंभर बिअर लागते. चार-पाच लिटरचाच घाणा (एका वेळी केलेली बिअर) असेल तर ती जाते ती जीवावर येते. शिवाय हायड्रोमीटर हातातून सुटला की फुटतो.

एकच घ्यायचं असेल तर मी हायड्रोमीटरच घ्या म्हणेन. बाटल्या भरायच्या की नाही, हा निर्णय शेवटच्या आकड्यावर असतो. साखर शिल्लक राहून बाटलीत पुन्हा आंबलं तर बाटली फुटते, काच कुठं जाईल सांगता येत नाही. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, तेव्हाच भरा. ब्रिक्स मीटर आधीच घरात असेल तर पहिल्या दिवशीच्या काढ्याला जरूर वापरा, मात्र आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य येतं का ते पाहून घ्या.

भाच्याचा पुढचा घाणा मात्र हायड्रोमीटरवरही 1.018 ला थांबला आणि तीन दिवस तिथंच राहिला. आता यंत्राकडे बोट दाखवता येत नव्हतं. मी त्याला थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरायला सांगितलं. 100 ऐवजी 96 दाखवत होता. म्हणजे तो 66 समजून माल्ट 70 अंशांवर भिजवत होता. एवढ्या उष्णतेत यीस्टला न पचणारी साखर जास्त तयार होते, मग यीस्टची कितीही पाकिटं ओता, आकडा खाली येत नाही. आता तो थर्मामीटर 62 दाखवू लागला की आच बंद करतो.