ग्रुप लावायचा की पीएचपीचा पूलच आपल्या नावाचा करायचा?

चाटी गल्लीतल्या एका चादरवाल्याची साइट बघतो मी, परवा त्याने पॅनेलमधून फोटो टाकले आणि मला एफटीपीने (सर्व्हरवर फाइली चढवा-उतरवायची सोय) ते डिलीटच होईनात, कारण फाइल आणि तिचं फोल्डर दोन्हीची मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाची, म्हणजे वेबसर्व्हरच्या युजरची, आणि मी पडलो परका. आता ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारू नका बे, ते म्हणजे दुकानाला कुलूपच नाही.

मग रस्ते दोन. पहिला, तुम्ही आणि वेबसर्व्हर एका ग्रुपात, अपलोड फोल्डरला २७७५ परवानगी, उमास्क ००२, म्हणजे नवीन फाइलवर ग्रुपलाही लिहिता येतं. २७७५ मधला पहिला २ म्हणजे सेटजीआयडी, आत नवीन बनणारी फाइल फोल्डरचा ग्रुप घेते. पण गोम अशी की पीएचपीचं अपलोड आधी टेम्प म्हणजे तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनतं, मग सरकवलं जातं, आणि एकाच डिस्कवर नुसतं सरकवलं की जुनाच ग्रुप चिकटून राहतो. माझी अख्खी दुपार ह्यात गेली, चहा गार झाला तो वेगळाच 😅 शेवटी टेम्प फोल्डर पण त्याच ग्रुपचा सेटजीआयडीवाला केला तेव्हा जमलं.

दुसरा, पीएचपी-एफपीएमचा पूल, म्हणजे साइटचं पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसचा गट, थेट आपल्या युजरने चालवायचा. फाइल जन्मतःच आपली, फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ बास, लिहिणार फक्त मालक. एका सर्व्हरवर चार गिऱ्हाईकं असली तर मी डोळे झाकून हेच करतो, प्रत्येकाचा युजर आणि पूल वेगळा, एकाची घाण दुसऱ्याकडे सहजी जात नाही. फक्त स्क्रिप्टमध्ये भोक सापडलं तर हल्लेखोर तुमचा कोडसुद्धा बदलू शकतो, म्हणून अपलोड फोल्डरात पीएचपी चालणं बंद करा. रॅम थोडी जास्त जाते, जाऊ दे.