शाळा बंद, पोषण आहाराचं काय : शिधा की खात्यात पैसे?

शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका ताईंनी विचारलं, पुन्हा साथ येऊन शाळा बंद झाल्या, तर शाळेतल्या दुपारच्या जेवणाऐवजी पालकांच्या वतीने काय मागायचं, घरी शिधा की खात्यात पैसे? २०२०-२१ मध्ये करोनात दोन्ही प्रकार झाले, म्हणून तेवढ्यापुरतंच बोलते.

पोटात काय पडतं? नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५०. म्हणजे पंचवीस दिवसांचे लहान मुलाला अडीच किलो तांदूळ, मोठ्याला पावणेचार, वर डाळ-कडधान्य. ते घरच्या डब्यात जातं आणि सगळं घर खातं, हे खरंच. पण निदान चुलीपर्यंत तरी पोचतं. पैशांचं सांगता येत नाही. हातउसने आधी फेडले जातात. शिवाय रक्कम किती? मे २०२१ मध्ये केंद्राने ११.८ कोटी मुलांसाठी १२०० कोटी जाहीर केले, म्हणजे माणशी शंभर रुपयांच्या आसपास. त्यासाठी मुलाचं खातं, आधार जोडणी, बँकेची रांग. मजुरी बुडवून कोण जाणार?

कष्ट मात्र शिध्यात जास्त. तराजू, पिशव्या, टप्प्याटप्प्याने बोलावणं, सह्या, सगळं शिक्षकांच्या माथी. माल उशिरा आला की दोन महिन्यांचा एकदम वाटायचा, आणि कडधान्याला कीड लागली तर बोलणी त्यांनीच खायची.

गावातच राहणाऱ्या कुटुंबांसाठी शिधाच मागा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्यांना तो मिळतच नाही. त्यांच्यासाठी पैसे ठीक, पण आईच्या वापरात असलेल्या खात्यात.